उंबऱ्यावरची मॉनिटर

"ती चिठ्ठी इकडे दे."

बाईंनी हात पुढे केला. चिठ्ठी माझ्या मुठीत होती, नुकतीच डब्यातून काढलेली. मॅट्रिकच्या गृहशास्त्राची प्रॅक्टिकल परीक्षा. खामगावची आमची मुलींची शाळा. चिठ्ठीत जे निघेल ते रांधायचं, अशी परीक्षा. मला निघालं होतं वरण, भात आणि वांग्याची भाजी. माझं तर नशीबच उघडलं होतं. वांगी आमच्या मळ्यात पिकायची आणि वरण-भात घरी रोज मीच लावायची. डोळे झाकून केलं असतं.

मी चिठ्ठी दिली. बाईंनी वाचली, घडी घातली, कमरेला खोचली.

"तू कोशिंबीर कर."

"पण बाई, चिठ्ठीत तर..."

"काकडी, गाजर, मुळा ठेवलाय तिथे. बारीक चिर. चिरण्यात तुझा हात बरा आहे."

आजूबाजूच्या मुली हसल्या असत्या तर एक वेळ बरं वाटलं असतं. कोणी मान वर केली नाही. कोणाला त्यात काही विशेषच वाटलं नाही. जिची तिची शेगडी पेटवणं चाललं होतं.

का ते सांगते. परीक्षा संपली की त्याच स्वयंपाकावर शाळेच्या कमिटीची माणसं जेवायला बसत. दरवर्षीची रीत होती ती. कमिटीचे अध्यक्ष वकीलसाहेब, सरकीचे व्यापारी शेठजी, आणखी दोघं-तिघं, पाटावर ओळीनं. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षक बाईही त्यांच्यासोबत. आणि माळ्याच्या पोरीच्या हातचा शिजवलेला भात त्या पंगतीला चालत नव्हता. पाणी चालत होतं. निवडलेली मेथी चालत होती. चिरलेली काकडी चालत होती. विस्तवावर चढलं की चालत नव्हतं. म्हणून कोशिंबीर. तिला विस्तव लागत नाही.

आता स्वयंपाकाच्या परीक्षेत कोशिंबिरीला कोण किती मार्क देणार? नापास व्हायची सोयच ती. आणि मला मॅट्रिक पास व्हायचंच होतं. आमच्या मळ्यातल्या घरांत तोवर कोणी मॅट्रिक झालं नव्हतं, पोरगी तर लांबच राहिली. पास झालं की बुलढाण्याला मास्तरणीचं ट्रेनिंग, आणि ट्रेनिंग झालं की नोकरी. नाही झालं तर मायसोबत बाजारात टोपली. माझ्यापुढे दोनच वाटा होत्या आणि दोन्ही त्या शेगडीपाशी फुटत होत्या.

पण मी माझंच रडगाणं गात बसणार नाही. माझ्यावर अन्याय झाला, हे सांगायला जीभ लगेच वळते. पुढचं सांगायला वळत नाही. तेच सांगायला बसले आहे.

त्याच वेळी बाहेर वरांड्यात कमल बसली होती. मांडीवर पाटी, पाटीवर कागद. ती स्वयंपाकाची परीक्षा लिहून देत होती. हो, लिहून. पुरणपोळीची कृती, साहित्य, वेळ, घ्यायची काळजी. आत आम्ही रांधत होतो आणि ती बाहेर लिहीत होती.

कमल बौद्ध. तिचे वडील जिनिंगमध्ये गाठी बांधायच्या कामावर. लोक त्यांना जुन्याच नावानं हाक मारायचे, तेव्हा ते थांबायचे नाहीत, सरळ चालत राहायचे. कमलचंही तसंच होतं. वर्गात तिच्याइतकं कोणाचं पाठ नसायचं. गणितात मी तिच्या वहीवर जगले. आम्ही दोघी एकाच बाकावर बसायचो. शाळा सुधारलेली होती ना! बाक एक, फळा एक, प्रार्थना एक. नवं राज्य झालं तेव्हा दोघींनी मिळून झेंड्याला सलामी दिली, पेढा खाल्ला. बुलढाण्याला एकाच खोलीत राहायचं, हेही आमचं ठरलं होतं.

फक्त गृहशास्त्राचा तास आला की बाक संपायचा.

शाळेच्या मागच्या बाजूला स्वयंपाकाची खोली होती. तिला चांगला उंच दगडी उंबरा. आत कोणी काय करायचं हे कधी कुठे लिहिलेलं नव्हतं. पण पहिल्या आठवड्यातच बसून गेलं. ज्यांच्या हातचं सगळ्यांना चालतं त्या मुली चुलीपाशी. आम्ही माळ्या-कुणब्याच्या चिरायला, निवडायला, भांडी घासायला. आणि कमल उंबऱ्याच्या बाहेर. बाई वर्गात फिरत फिरत म्हणाल्या होत्या, "कमल, तुझं अक्षर चांगलं आहे, तू कृती लिहून घे सगळ्यांच्या." किती गोड. कोणाला वाटेल, बाईंनी मोठंच मानाचं काम दिलं.

मला त्यांनी मॉनिटर केलं. "गर्दी होऊ देऊ नकोस दारात," एवढंच म्हणाल्या.

बस्स. कमलला आत येऊ देऊ नकोस, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. शपथेवर सांगते, एकदाही नाही.

एक दिवस कमल उठून उंबऱ्यापाशी आली. आत पुरण वाटणं चाललं होतं. तिला बघायचं होतं. तिनं एक पाय उंबऱ्यावर ठेवला.

मी म्हणाले, "अवं, थांब तठीच."

"काऊन?"

"गर्दी होते."

तिनं आत बघितलं. आत मोकळी जागा होती, दहा पोरी नाचल्या असत्या एवढी. मग तिनं माझ्याकडे बघितलं. पाय मागे घेतला. खाली बसली आणि लिहायला लागली.

मी दारातून हटले नाही. मला तर तेव्हा आपण शिस्त पाळली असं वाटलं. माय वं! शिस्त! पुढं तर ते रोजचंच झालं. ती पाणी मागायची, मी आतून तांब्या आणायची आणि वरून तिच्या ओंजळीत धार धरायची. तांब्या तिच्या हाताला लागणार नाही, पाणी सांडणार नाही, दोन्ही एकदम. सफाईनं. ती सफाई मला कोणी शाळेत शिकवली नव्हती. माझी माय बाजारात भाजी विकायची तेव्हा कमलच्या वस्तीतल्या बाया आल्या की ती पालक वरून सोडायची त्यांच्या पदरात, आणि त्यांनी खाली ठेवलेल्या पैशांवर पाणी शिंपडून मग उचलायची. मी लहानपणापासून बघत होते. मला येतच होतं.

सगळ्यात वाईट सांगते. नागरिकशास्त्राची तयारी आम्ही त्याच दारात केली. आत वरण उकळायचं, माझं चिरून झालेलं असायचं. मी उंबऱ्याच्या आत पुस्तक घेऊन उभी, ती बाहेर पायरीवर. मी विचारायची, "राज्यघटनेनं नागरिकाले कोनते हक्क देल्ले?" ती घडाघडा म्हणायची. समानतेचा हक्क. कायद्यापुढे सगळे सारखे. अस्पृश्यता नष्ट केली आहे, ती पाळणं गुन्हा आहे. मी पुस्तकात बोट ठेवून बघायची आणि म्हणायची, "बरोब्बर."

बरोब्बर! उंबऱ्याच्या आत उभी राहून म्हणायची मी. आणि एकदाही, एकदासुद्धा, माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. ते उत्तर मार्कांसाठी होतं. पाच मार्कांचं उत्तर. आम्हाला दोघींना पूर्ण मार्क मिळायचे त्यात. कमल ते म्हणताना माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघायची. ते मला आठवतं. त्या वेळी आठवण्यासारखं वाटलं नव्हतं.

तर परीक्षेच्या दिवसाकडे परत येते.

बाईंनी मला कोशिंबीर सांगितली. मी विळी घेऊन बसलेही. काकडी हातात घेतली. आणि डोकं असं फिरलं की विचारू नका. वर्षभर चिरलं, निवडलं, घासलं. भांड्यांची राख अजून नखांत होती. आणि चिठ्ठी माझी, तीही कमरेला खोचून घेतली. काकडी खाली ठेवली. उठले. नागपूरकडून आलेल्या परीक्षक बाई खुर्चीवर बसल्या होत्या, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"बाई, मले चिठ्ठीत वरण-भात आला. मी वरण-भातच करीन."

आमच्या बाईंचा चेहरा उतरला. "अहो, ती कोशिंबीर छान करते, म्हणून मी..."

परीक्षक बाईंना घाई असावी. त्या म्हणाल्या, "जे निघालं ते करू द्या. नियम तोच आहे."

मी शेगडी पेटवली. रागाच्या भरात असा स्वयंपाक केला की जन्मात केला नव्हता. भात मोकळा, वरणाला हिंग-जिऱ्याची फोडणी, वांगी तेलात अशी मुरली की साऱ्या खोलीत वास. परीक्षक बाईंनी चमचाभर घेऊन बघितलं, मान हलवली, काहीतरी लिहून घेतलं. मी पास झाले, हे मला तिथंच कळलं.

आणि तेव्हाच त्यांनी विचारलं, "ती बाहेर बसलीये ती मुलगी कोण? ती का नाही आत?"

आमच्या बाई म्हणाल्या, "तिची प्रकृती बरी नाही. आग सोसत नाही. लेखी घेतोय तिचं."

कमलची प्रकृती दणकट होती. मला माहीत होतं. आतल्या सगळ्यांना माहीत होतं. मी परीक्षक बाईंच्या इतकी जवळ होते की त्यांच्या पातळाचा कापूर लागत होता नाकाला. दोन घटकांपूर्वी मी माझ्या वरणासाठी त्यांच्यासमोर तोंड उघडलं होतं. तेच तोंड परत उघडायचं होतं फक्त. मी झारा पुसत राहिले.

का? भीती वाटली म्हणू? नाही वाटली. भीती तर मघाशीच मोडली होती. माझं काम झालं होतं. एवढंच. याच्यापेक्षा वेगळं कारण शोधून शोधून थकले, सापडत नाही.

मग पंगत बसली. चुलीपाशीच्या मुलींनी वाढलं. पोळी, पुरण, कढी, बटाट्याची भाजी. माझं पातेलं कोपऱ्यात. कोणी त्याला हात लावेना. मी आपणच उचललं आणि वाढायला निघाले. पहिलं पान वकीलसाहेबांचं. मी भाताचा डाव वाकवला आणि त्यांनी पानावर आडवा हात धरला.

"पुरे."

पानावर भाताचं शीतही नव्हतं. पुढे शेठजी. त्यांनीही हात आडवा. सगळी ओळ तशी. कोणी चिडलं नाही, कोणी ओरडलं नाही. फक्त हात आडवे. वकीलसाहेब शेजारच्याशी दुसरंच काहीतरी बोलत होते आणि हात तसाच पानावर.

बाई माझ्या कानाशी आल्या. "उगाच हट्ट केलास. जा, गाईला घाल ते."

मी पातेलं घेऊन मागच्या दारानं बाहेर आले. डोळ्यांत पाणी. आणि समोर कमल. कागद संपवून, पेन बंद करून बसली होती. सकाळपासून उपाशी.

मला एकदम वाटलं, ही माझी. ह्या जगात माझं दुःख कळणारी हीच एक. मी पातेलं घेऊन तिच्यापुढे बसले. उंबऱ्याच्या बाहेर. वर्षात पहिल्यांदा.

"खाय कमल. मी केलं. त्यायनं नाही खाल्लं, पानावर हात धरले मेल्यायनं. तू खाय."

तिनं पातेल्यात बघितलं. मग माझ्याकडे.

"थे नाही खात म्हून मले देऊन राह्यली?"

"तसं नाही वं..."

"आमच्या आजीनं लोकायनं टाकलेलं लई खाल्लं. बाबानं सोडलं. म्या तर कधीच खाल्लं नाही." ती उठली. पाटी काखेत घेतली. "वर्सभर तुले मी दिसली नाही. आज तुह्या वरनाले कोनी इचारलं नाही, तवा दिसली."

आणि गेली.

मी तिथंच बसून राहिले, मांडीवर गरम पातेलं घेऊन. पोळत होतं तरी हलले नाही. वकीलसाहेबांच्या आडव्या हाताचं दुःख मोठं वाटत होतं मला. ते तिथंच लहान झालं. वर्षभर मीच तर हात आडवा धरत होते. दारात. रोज.

घरी आल्यावर मायला सांगितलं. ती मेथीच्या जुड्या बांधत होती. म्हणाली, "आपल्या हातचं पानी चालते ना त्यायले? मंग झालं. कायले डोकं लावतं?"

"आन् कमलचं, माय?"

"तिचं तिच्यापाशी."

मायला काय बोलणार? ती अडाणी. मी तर शिकलेली होते. मला पाच मार्कांचं उत्तर येत होतं.

निकाल लागला. मी पास. कमलला सगळ्या विषयांत माझ्याहून जास्त. गृहशास्त्राच्या प्रॅक्टिकलला 'गैरहजर'. तिनं लिहिलेले कागद कुठे गेले कोणास ठाऊक. प्रॅक्टिकलला गैरहजर म्हणजे विषयात नापास, आणि विषयात नापास म्हणजे मॅट्रिक नापास. सकाळपासून दुपारपर्यंत वरांड्यात बसलेली पोरगी गैरहजर!

तिच्या वडिलांनी बुलढाण्याला शिक्षण खात्याकडे अर्ज केला. इन्स्पेक्टर साहेब चौकशीला येणार असं ठरलं. आदल्या दिवशी बाईंनी मला बोलावून घेतलं. घरी. चहा दिला, कपात. माझा कप वेगळा होता हे मी बघितलं, पण त्या दिवशी ते मनाला लागलं नाही.

"तू मॉनिटर होतीस. तुला विचारतील. ती आपणहून आत येत नव्हती, एवढंच सांग. खोटं नाही त्यात काही. आणि ट्रेनिंगसाठी शिफारस लागते ना तुला? मी देते लिहून."

मी मान हलवली. कशाला हलवली ते मलाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंच्या खोलीत सगळे जमले. इन्स्पेक्टर साहेब, वकीलसाहेब, आमच्या बाई. खुर्च्यांवर. कमलचे वडील दाराशी, टोपी हातात घेऊन उभे. त्यांना कोणी बस म्हटलं नाही. कमल त्यांच्या शेजारी.

साहेबांनी मला विचारलं, "ह्या मुलीला स्वयंपाकघरात यायला मनाई कोणी केली?"

बाई माझ्याकडे बघत होत्या. कमल बघत नव्हती. ती भिंतीकडे बघत होती, समानतेचा हक्क म्हणताना बघायची तशीच.

"मी," मी म्हणाले.

"तू?"

"हाव साहेब. मी मॉनिटर होती. दारात मीच उभी राहत होती. मीच तिले येऊ देल्लं नाही."

"बाईंनी तसं सांगितलं होतं?"

"तोंडानं नाही सांगितलं. पन..."

साहेबांनी पेनचं टोपण लावलं. "झालं तर. मुलींचा आपसातला प्रश्न आहे हा. शाळेचा काय संबंध?"

वकीलसाहेब हसले. मोठ्या समजूतदारपणे हसले. "खेड्यामळ्यातल्या पोरी साहेब. आपण इथे समता शिकवतो, ह्या घरून काय काय घेऊन येतात. वेळ लागेल."

हे ज्यांनी माझ्या भातावर हात आडवा धरला तेच बोलत होते. मला वाटलं होतं, मी खरं बोलले की भिंत पडेल. पडली ती कमलच्याच अंगावर. माझा कबुलीजबाब त्यांनी झेलला आणि त्याच्याआड सगळे सुखानं बसले. मी खोटं बोलले असते तरी त्यांना एवढा फायदा झाला नसता.

"साहेब, अजून आहे..."

"विचारलं तेवढं सांगितलंस. जा आता."

बाहेर आले. मागोमाग बाई आल्या. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. खरंच, हात ठेवला. वर्षात पहिल्यांदा त्यांनी मला शिवलं.

"खरं बोलायला धैर्य लागतं. शाबास. शिफारस उद्या घेऊन जा."

आयुष्यात अपमान पुष्कळ झाले. पानावर आडवे हात, वेगळे कप, सगळं. पण त्या शाबासकीइतकं मला कशानं जाळलं नाही. पाठीची कातडी सोलून द्यावीशी वाटली.

कमलचे वडील सायकल काढत होते. मी कमलजवळ गेले.

"म्या खरं सांगितलं कमल."

"अर्धं सांगितलं."

"त्यायनं बोलूच देल्लं नाही मले."

"मले आत येऊ देल्लं नाही तवा मी बाहीर बसली. माह्यापाशी दुसरं काय होतं?" तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "तू तर आत होती वं. खोलीत होती. आत असून गप बसली. तुले निंग म्हनलं, तू निंगाली."

"मंग काय करू मी? सांग."

"मले काऊन इचारतं? मी काय तुही मॉनिटर हाय?"

वडिलांनी हाक मारली. ती सायकलवर मागे बसली. वळून बघितलं नाही. का बघावं?

सायकल नजरेआड होईपर्यंत मी उभी होते. मग वळले आणि परत त्या खोलीकडे चालू लागले. दारात शिपाई होता. म्हणाला, "साहेब चहा घेऊन राह्यले, थांब." मी थांबले नाही. त्याला हातानं बाजूला केलं आणि आत गेले.

"साहेब, लिहा. मी अडवलं. बाईंनी पाह्यलं. कमिटी जेवली. तिन्ही लिहा. माह्यं एकटीचं लिहू नका."

मी आणखी एक पाऊल पुढे टाकलं.

"ती बिमार नव्हती. मले चिठ्ठी बदलून कोशिंबीर देल्ली, तिले कागद देल्ला. वकीलसाहेबायनं माह्या हातचा भात घेतला नाही. इचारा त्यायले. आता इचारा, मी हाय उभी."

कोणी विचारलं नाही. साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. वकीलसाहेब आता हसत नव्हते. "हिला बाहेर काढा," ते शिपायाला म्हणाले. बाई कपाळाला हात लावून बसल्या होत्या. मला बाहेर काढलं. दंडाला धरून.

शिफारस अर्थातच मिळाली नाही. दाखल्यावर वर्तनाच्या जागी 'उद्धट' असं आलं. बुलढाण्याच्या ट्रेनिंगचं दार त्या वर्षी लागलं ते लागलंच. मी पुढे धामणगाव बढ्याच्या बाजूच्या एका खेड्यात बिनट्रेनिंगची मास्तरीण लागले, ट्रेनिंगवाल्यांच्या खालच्या पगारावर. माझ्याबद्दल कोणी हळहळू नये. मी नोकरीत आहे. कमलनं पुढच्या वर्षी दुसरा विषय घेऊन बाहेरून परीक्षा दिली, पास झाली, आणि ते सगळे अकोल्याला गेले. एवढंच कानावर आलं. तिचं एक वर्ष गेलं ते मी खाल्लं. मी त्या दिवशी खोलीत परत गेले हे तिला कळलं की नाही, मला माहीत नाही. कळवायला मी गेले नाही. काय सांगणार? की तू गेल्यावर मी शूर झाले?

रात्रंदिवस छाती पिटत बसत नाही मी. पण शिकलेल्या माणसाची खोड मला आता ओळखू येते. त्याला उत्तर पाठ असतं. उत्तर पाठ असलं की त्याला वाटतं, आपलं झालं. माझी माय पैशांवर पाणी शिंपडायची तेव्हा तिला निदान ठाऊक होतं की ती काय करते आहे. मी तेच करत होते आणि हातात नागरिकशास्त्राचं पुस्तक होतं.

आता तेच पुस्तक मी शिकवते. त्यात एक ओळ आहे, 'समाजात अस्पृश्यतेची रूढी होती.' रूढी! रूढीला काय हातपाय असतात? रूढी तांब्या वरून धरते? मी पोरांना ती ओळ वाचायला लावते आणि पुस्तक मिटायला सांगते. मग सांगते, "मी पाळली. तुमच्या ह्या बाईनं. एका पोरीले वर्सभर दारात अडवलं, तिचं नाव कमल." सगळं सांगते. मग विचारते, तुमच्या घरी कोण पाळतं? मग एखादं पोरगं हळूच म्हणतं, "आमची आजी." एखादं म्हणतं, "मी." तिथून माझा धडा सुरू होतो.

मागच्या महिन्यात गावातले मोठे लोक शाळेत आले. घरातल्या गोष्टी पोरं चव्हाट्यावर बोलायला लागली म्हणे. त्यांच्यातले एक काका, चांगले जमीनजुमल्याचे, आवाज अगदी मऊ करून म्हणाले, "मास्तरीनबाई, पुस्तकात हाय तेवढं शिकवा ना. कायले फालतू झंझट?"

मी म्हणाले, "पुस्तकात हाय तेवढंच शिकली होती काका. तेवढं शिकूनच दारात उभी राह्यली."

त्यांना काही ते पटलं नाही. वर तक्रार गेली आहे. बदली होईल, किंवा काढूनही टाकतील. बिनट्रेनिंगच्या मास्तरणीला काढायला काय लागतं? काढा. जिथं जाईन तिथल्या पोरांपुढे हा धडा असाच सांगीन, नावं घेऊन सांगीन. आणि त्यात पहिलं नाव माझं असेल.